पुरुष जाण्याआधीचा गुरुवार

रविवार, १२ जानेवारी

दुरुस्ती. शुक्रवारी मी लिहिलं की माझ्या तांबीचा दोरा हरवला. ते चूक आहे. दोरा हरवला नव्हता, माझ्या बोटांना सापडला नव्हता. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि मी त्या एकच करून लिहिल्या. आज सकाळी हात धुतले, फडक्याने कोरडे केले, उकिडवी बसून पुन्हा पाहिलं. दोरा आहे. पिशवीच्या तोंडाशी, जिथे असायला हवा तिथेच. शुक्रवारी पाहिलं तेव्हा आत कोरडेपणासाठी लावलेलं जेल होतं, बोटं बुळबुळीत होती आणि दोरा निसटत होता. एवढंच.

आणखी एक. सगळे तांबी म्हणतात म्हणून मीही म्हणते, पण माझ्या आत तांबं नाही. माझी हार्मोनवाली आहे, प्लास्टिकची. नोएमी जन्मली तेव्हा माझं इतकं रक्त गेलं की हालापा शहरातल्या मोठ्या रुग्णालयात दुसऱ्यांचं रक्त चढवून मला परत आणावं लागलं. दीड महिन्याने डॉक्टरीणबाईंनी ही बसवली आणि म्हणाल्या, निदान दोन-तीन वर्षं पुन्हा दिवस जाऊ द्यायचे नाहीत. तुमच्या डोंगरावरून पुढच्या वेळी तू इथवर जिवंत पोचशीलच असं नाही. हे मी लिहून ठेवते, कारण या घरात ते कुणी मोठ्याने म्हणत नाही. माझा नवरा नेफ्ताली तेव्हा कॅनडात होता, काचघरात टोमॅटो तोडत. त्याने ते रक्त पाहिलेलं नाही. त्याला फोनवर सांगितलं तेव्हा नोएमी रडत होती, आणि तिचा आवाज ऐकून तो हसत होता.

आईने मला लिहायला शिकवलं ते कॉफी वाळत घालायच्या अंगणात, दाण्यांच्या थरावर बोटाने. माझ्या माहेरी, रानात, शाळा नव्हती. चुकलं की दाण्यांवरून हात फिरवायचा, संपलं. वही हातात आली तेव्हा ती म्हणाली, आता पुसायचं नाही, खाली खरं काय ते लिहायचं. म्हणून हे लिहिते.

पण वहीत लिहून काय उपयोग? शुक्रवारी घाबरून मी नेफ्तालीला सांगितलं. त्याने सासूबाईंना सांगितलं. शनिवारी मळ्यात कॉफी तोडताना चार बायकांनी मला विचारलं, सापडली का म्हणून. जशी काही माझी कोंबडी हरवली होती. मला राग येतो आहे. नेमका कुणाचा, ते अजून ठरत नाही.

मंगळवार, १४ जानेवारी

नेफ्तालीच्या आग्रहाखातर आरोग्य केंद्रात गेले. दोरा सापडला असं मी त्याला सांगितलं होतं, तरी तो म्हणाला, एकदा दाखवून ये, माझ्या जिवाला घोर लागतो. तो एवढी काळजी करतो, हे मान्य केलं पाहिजे.

नर्स ग्रिसेल्दाने तपासलं नाही. खुर्चीतूनच विचारलं, काय लावलंस? मी जेल म्हणाले. तिने डोळे मिटून घेतले, जणू मी उंदराचं औषध म्हणाले. मग सांगितलं की जेलने हार्मोन विरघळतं आणि तांबी ओल्या साबणासारखी घसरत खाली येते. आज दोरा लागला, उद्या लागणार नाही. तोवर कंडोम वापरा आणि पुढचं मी बघते. मी विचारलं, पुढचं म्हणजे काय? ती म्हणाली, मागे लाइन आहे.

जेल का घेतलं, तेही लिहून टाकते. नेफ्ताली ऑक्टोबरात परत आल्यापासून मला दुखत होतं. आत सगळं कोरडं. सुरी फिरल्यासारखं व्हायचं आणि मी ओठ चावून पडून राहायचे. कोआतेपेकच्या औषधाच्या दुकानात जाऊन, दोन बायका निघून जाईपर्यंत खोकल्याच्या गोळ्या बघत उभी राहिले आणि मग मागितलं. काउंटरवरची पोरगी हसली. तिने जी नळी दिली तिच्यावर पाण्यात बनवलेलं असं लिहिलं होतं. लावल्यावर पहिल्यांदा दुखलं नाही. त्या दिवशी मला वाटलं, मी परत माणूस झाले. आणि आता तेच विष निघालं. साधं, न दुखण्याएवढंही आपल्याला मिळू नये?

सासूबाईंना नळी सापडली. मी ती नोएमीच्या लंगोटांखाली ठेवली होती. स्वयंपाकघरात, सगळ्यांसमोर त्यांनी ती दोन बोटांत धरून विचारलं, "पोरी, तू बाई आहेस की कॉफी सोलायचं यंत्र, वंगण घालायला?"

मोठा दीर ओबेद हसता हसता मक्याच्या टोर्टियाचा घास लागून ठसकला. जाऊबाई मिग्दालिया भांड्यात बघत राहिली. मी नळी परत मागितली नाही. संध्याकाळभर याच गोष्टीचा राग येत राहिला.

गुरुवार, १६ जानेवारी

सासूबाईंनी मलम दिलं. डुकराची चरबी, बदामाचं तेल आणि रोमेरोची उग्र वासाची पानं घालून त्या स्वतः कढवतात. बाळंतिणीच्या पोटाला, गुडघ्यांना, सगळ्याला तेच. म्हणाल्या, हे घरचं आहे, रसायन नाही. नेफ्तालीने कंडोमचं पाकीट आणलं. मी त्याला मागायला सांगितलं नव्हतं, स्वतःहून आणलं. मी त्याचे आभार मानले.

आज त्याची कॅनडाची बॅग खाली काढली. दहा फेब्रुवारीला, सोमवारी, गावातल्या सगळ्या पुरुषांना घेऊन बस निघते. बॅगेत रबरी हातमोज्यांचा जोड होता, बोटं फाटलेला. तो म्हणाला, थंडीने हात फुटायचे म्हणून मी आत चरबी चोपडायचो, मुकादम ओरडायचा, चरबीने रबर कुजतं म्हणून. मग त्याने मोजे चुलीत टाकले आणि घरभर घाण वास सुटला.

शनिवार, १८ जानेवारी

मिग्दालियाबरोबर मळ्यात. ती म्हणाली तिच्या तिन्ही पोरांचा वाढदिवस ती नोव्हेंबरात एकाच केकवर उरकते. सासूबाईंचीही चारही मुलं ऑक्टोबर-नोव्हेंबरची. पाचवंही तेव्हाचंच होतं, ते राहिलं नाही. त्याच्यासाठी त्या नोव्हेंबरात दफनभूमीत झेंडूची फुलं नेतात. मी म्हटलं, या गावात केक करणारीला त्या दोन महिन्यांत उसंत मिळत नसेल. मिग्दालियाने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काही वेडगळ बोलले. नोएमीला खालचा दात येतो आहे.

रविवार, १९ जानेवारी

सगळे चर्चमध्ये मिस्सेला गेले होते. मलम लावलं होतं. कंडोम फाटला. मध्ये नाही, शेवटी कळलं. मी घाबरून रडले. नेफ्ताली म्हणाला, होतं असं, आणि पलीकडे वळून झोपला. त्याला धक्का बसलेला दिसला नाही. पुरुष बहुधा असल्या गोष्टींत धीराचे असतात.

माझीच नखं लागली असतील. उद्या सगळी कापून टाकते.

बुधवार, २२ जानेवारी

पुन्हा फाटला. नखं मुळापर्यंत कापलेली होती, त्यामुळे ते कारण खरं नाही. खाली आग आग होते आहे. लघवीला जाताना भिंत धरावी लागते. मलम घरचं आहे, त्यात रसायन नाही, मग हे कशाने? मी सासूबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, तुझं अंगच लाडावलेलं आहे.

तांदूळ निवडत बसले आणि एक एक खडा असा फेकला की कोंबड्या पळाल्या.

गुरुवार, २३ जानेवारी

आज दुपारी एर्मिलोच्या दुकानावरच्या भोंग्यातून माझं नाव आलं. एर्मिलोचा भोंगा सगळ्या गावाचा आहे. कुणाकडे डुक्कर कापलं, कुणाचं गाढव सुटलं, कोण वारलं, गॅसची गाडी कधी येणार, सगळं त्यातूनच कळतं. आज आधी आलं की लाजारोच्या घरी ताजं मटण आहे. मग त्याच सुरात: आरोग्य केंद्र कळवतं की सहा फेब्रुवारीला, गुरुवारी, ज्यांना तांबी काढून घ्यायची आहे त्यांनी सकाळी आठला यावं. आणि नावं. मिग्दालिया, ओबेदची बायको. आणखी तिघी. मग आरेली, नेफ्तालीची बायको.

मी त्या वेळी पाण्याच्या नळावर होते. माझ्या पुढे सहा बायका. सगळ्यांनी बादल्या सरकवून मला पुढे जाऊ दिलं. ते दयेने केलं, आणि त्याने मी आणखी संतापले. ग्रिसेल्दाला मी तांबी काढायला कधी सांगितलं? मी दोरा तपासायला गेले होते. तपासणं आणि काढणं यात फरक करता येत नाही अशा बाईच्या हातात गावभरच्या पिशव्या दिल्या आहेत.

शुक्रवार, २४ जानेवारी

सकाळीच आरोग्य केंद्रात गेले. माझा आवाज चढला होता. बाहेर बाकावर बसलेल्यांना ऐकू गेला असेल, जाऊ दे. मी म्हणाले, माझं नाव चुकून घातलंय, काढा. ग्रिसेल्दाने मान वर न करता सांगितलं, "चुकून नाही घातलं. तुझा नवरा येऊन सांगून गेला."

घरी परत येईपर्यंत मी त्याचं स्पष्टीकरण तयार केलं. त्याने तपासायचं म्हणून सांगितलं असेल. तिने काढायचं असं लिहिलं असेल. त्याला भीती वाटली असेल, की जेलमुळे ती आतच मोडेल, मला इजा होईल. भीतीपोटी माणूस असं करतो. हे सगळं मी लिहून पाहिलं तेव्हा प्रत्येक वाक्यात "असेल" आलं. आईने अशी वाक्यं खोडायला लावली असती.

त्याला मी विचारलं नाही.

मंगळवार, २८ जानेवारी

आज हालापाला गेले. सगळ्यांना सांगितलं नोएमीच्या लसीसाठी. लस खरंच बाकी होती आणि ती घेतलीही, त्यामुळे ते खोटं नव्हतं, पण सगळं खरंही नव्हतं.

तांबी बसवणाऱ्या डॉक्टर इनोहोसांनी मला ओळखलं. त्यांनी सोनोग्राफी केली आणि पडदा माझ्याकडे वळवला. धुक्यात एक लहानशी पांढरी खूण. म्हणाल्या, बघ, मी ठेवली तिथेच बसली आहे, जराही हललेली नाही. मी त्यांना साबणाची गोष्ट सांगितली. त्या आधी हसल्या, मग माझा चेहरा पाहून थांबल्या.

त्यांनी जे समजावलं ते माझ्या शब्दांत लिहिते, नंतर विसरायला नको. जेल योनीत लावतात आणि ते तिथेच राहतं. तांबी पिशवीच्या आत असते, वरच्या खोलीत, आणि मधलं तोंड इतकं घट्ट असतं की जेल वर जात नाही. हार्मोन तिथे आतल्या आत हळूहळू सुटतं. त्यावर पाण्याचं, सिलिकॉनचं, कुठलंच जेल काही करू शकत नाही. ते विरघळवत नाही, घसरवत नाही. कोरडेपणा तांबीचा नाही. मी नोएमीला अंगावर पाजते त्याने तो येतो, दूध तुटलं की बहुतेकींचा जातो. तोवर जेल वापर, असं त्या म्हणाल्या, ते पाप नाही आणि चैनही नाही. सुगंधी किंवा गरम करणारं घेऊ नकोस, आग होईल. दोरा महिन्यातून एकदा पाहिला तरी पुरे, स्वच्छ कोरड्या हातांनी, जेल लावल्यावर लगेच नाही, आणि ओढायचा नाही. खरंच सापडला नाही, किंवा टोकाशी काही कडक लागलं, तर ये, तोपर्यंत कंडोम वापर.

मग मी मलमाचं सांगितलं. त्यांनी विचारलं, कशाचं? मी म्हणाले, चरबी, बदामाचं तेल, पाला. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"तेलाने तांबीला काही होत नाही. कंडोम मात्र रबराचा असतो, आणि चरबी रबर खाते. शिवाय तो पाला खाली लावून तुला ही आग लागली आहे. तुला हे लावायला कुणी सांगितलं?"

मी म्हणाले, घरच्यांनी. त्यांनी आगीसाठी औषध दिलं. म्हणाल्या, कंडोम दोनदा फाटले तरी घाबरू नकोस, तांबी तिथेच होती आणि तिचं काम करत होती.

परतीच्या बसमध्ये नोएमी झोपली. वळणावळणाने धुकं चढत होतं आणि मी खिडकीशी बसून एकच गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकत होते. चरबीने रबर कुजतं, मुकादम ओरडायचा. नेफ्तालीला हे माहीत होतं. कॅनडात बोटं फाटलेले मोजे घालून तो हे शिकून आला होता. त्याच्याच हातांनी मलमाचा डबा उघडला होता, दोन्ही वेळा.

मला वाटायचं राग म्हणजे ओरडावंसं वाटणं. तसं नाही. मी इतकी शांत होते की शेजारच्या बाईने मला झोप लागली असं समजून नोएमीचं डोकं सावरलं.

गुरुवार, ३० जानेवारी

कपडे धुवायला मिग्दालियाबरोबर ओढ्यावर गेले. मी तिला विचारलं, तुला तरी तांबी का काढायची आहे, तुझी तर व्यवस्थित आहे ना. तिने चादर पिळता पिळता माझ्याकडे पाहिलं, खरंच माहीत नाही की सोंग करते आहे ते बघायला.

"अगं, पुरुष जाण्याआधीचा गुरुवार. दर वर्षीचा. गेल्या साली तू पोटुशीच होतीस, पण तुला कुणी सांगितलंच नाही?"

मग तिने सांगितलं, अगदी सहज, जसं कुणी पानात वाफवायच्या तामाल्यांना मक्याचं पीठ किती ते सांगतं. बस निघायच्या आधीच्या गुरुवारी काढायची, तीन-चार रात्री असतात, बहुतेकींचं तेवढ्यात होतं. ऑक्टोबरात पुरुष येतात तेव्हा एकतर पोर झालेलं असतं किंवा होणार असतं. मग पुन्हा बसवायची. ग्रिसेल्दाला ते सोयीचं, सगळ्या एकाच दिवशी. ज्यांचं होत नाही त्यांना पुढचे आठ महिने सासूच्या डोळ्यांखाली काढावे लागतात. पोटुशी बाईकडे कुणी बघत नाही, आणि तीही कुणाकडे बघत नाही, असं म्हणतात. कॉफी मोजतात तिथे पुरुष एकमेकांना चिडवतात: तांबीवाली बायको ठेवून गेलास म्हणजे फाटक उघडं टाकून गेलास. गेल्या आठवड्यात ओबेदनेच नेफ्तालीला असं म्हटलं होतं, सगळ्यांसमोर.

मी तिच्या नोव्हेंबरच्या तीन पोरांकडे पाहिलं. ती ओढ्यात दगड टाकत होती.

केकबद्दल मी जे लिहिलं होतं ते मला आता वाचवत नाही.

मिग्दालियाला मी डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं सांगितलं. जेलचं, रबराचं, माझ्या रक्ताचं. ती ऐकत होती. शेवटी म्हणाली, मग ती नळी फेकून द्यायची नव्हती तर. थोड्या वेळाने तिने विचारलं, कुठल्या दुकानात मिळते, आणि लगेच म्हणाली, राहू दे, मला काय करायची आहे.

रविवार, २ फेब्रुवारी

आज कांदेलारियाचा, मेणबत्त्यांचा सण. जानेवारीत तीन राजांच्या सणाच्या पावात लपवलेली बाहुली नेफ्तालीच्या वाट्याला आली होती, म्हणून रिवाजाप्रमाणे आजचे तामाले आमच्याकडून. सगळं घर जमलं. सगळे जेवून अंगणात गेले तेव्हा स्वयंपाकघरात नेफ्ताली, मी आणि सासूबाई राहिलो. मी विचारलं. मी आवाज चढवला नाही, हे मला नोंदवायचं आहे. मी म्हणाले, गुरुवारी माझं नाव तू घातलंस. चरबीने रबर फाटतं हे तुला माहीत होतं.

त्याने नाकारलं नाही. नाकारलं असतं तर कदाचित सोपं गेलं असतं. तो थोडा वेळ तामाल्याची पानं चुरगाळत बसला. मग म्हणाला, "तुला पोटुशी करून गेलो की तिकडे मला झोप लागते. सगळ्यांच्या बायका असतात. माझीच का नसावी?"

मी म्हणाले, मी मेले तर?

"कुणी मरत नाही. आईला पाच झाली. मेली का ती?"

सासूबाई आमच्याकडे पाठ करून पातेलं घासत होत्या. ते पातेलं आधीच घासून पालथं घातलेलं होतं, त्यांनी ते पुन्हा घेतलं होतं. मला त्यांच्याकडून एक शब्द हवा होता, हो नाही तर नाही. एकही आला नाही. राख घेऊन तेवढ्याच जागी घासत राहिल्या. मला त्यांचा नेफ्तालीपेक्षा जास्त राग आला. त्याने निदान पाहिलेलं नाही. त्या बाई आहेत, त्यांना माहीत असायला हवं.

नेफ्ताली म्हणाला, गुरुवारी मीच तुला घेऊन जाईन, म्हणजे तुला भीती वाटायची नाही. आणि हे तो प्रेमाने म्हणाला. त्याचा हात माझ्या डोक्यावर होता. तो वाईट माणूस आहे असं मला लिहिता येत नाही, आणि त्याने मला मारायला निघाल्यासारखं केलं, हेही मला खोडता येत नाही. दोन्ही लिहून ठेवते.

त्याच्याजवळ झोपायचं नाही. नोएमीला दात येतो आहे, तिला घेऊन मी आतल्या खोलीत निजते.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

दोन दिवस मी विचार केला, की उद्याच्या बसने नोएमीला घेऊन आईकडे रानात निघून जावं. कपडेही काढून ठेवले. मग पुन्हा घडी घालून आत ठेवले. मी गेले तर ते म्हणतील, जेलमुळे तिचं डोकं फिरलं, किंवा कुणीतरी आहे तिचं. मी गेले तर बाकावर मिग्दालिया आणि त्या तिघी बसलेल्या असतील आणि ग्रिसेल्दा एकेकीला आत घेईल. पळून जाण्यासारखं मी काही केलेलं नाही.

आज सकाळी सासूबाई नोएमीला मांडीवर घेऊन चुलीशी बसल्या होत्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "गुरुवारी पोरीला माझ्याकडे ठेव. तिथे बोलायला उभी राहिलीस तर हात मोकळे असलेले बरे."

बोलणार आहे हे मी कुणाला सांगितलेलं नव्हतं. त्यांना कसं कळलं, हे मला समजलं नाही. त्यांच्यावर विश्वास ठेवावा असं या महिन्यात त्यांनी काहीच केलेलं नाही. मलमाचा डबा त्यांनीच माझ्या हातात दिला. नंतर मी पाहिलं तर फळीवर तो डबा नव्हता. डुकरांच्या कुंपणाशी रिकामा पडला होता आणि डुकरं तो चाटत होती. डुकरं हल्ली सगळंच ओढून नेतात. नोएमीला मी बरोबरच नेणार आहे.

काय बोलायचं ते ठरवलं आहे, आणि मनाशी म्हणून पाहिलं आहे. नेफ्ताली मला घेऊन जाईल, मी जाईन. बाकावर बसेन. ग्रिसेल्दा माझं नाव पुकारेल तेव्हा उभी राहीन, पण आत जाणार नाही. बाकावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणेन की माझी तांबी जागेवर आहे, मी ती स्वतः पडद्यावर पाहिली, आणि ती मी काढणार नाही. पाण्याचं जेल तिला काही करत नाही. चरबी आणि तेल कंडोम फाडतात, आणि इथल्या काही नवऱ्यांना ते माहीत आहे. माझं रक्त किती गेलं होतं तेही सांगेन, नेफ्तालीकडे बघून, म्हणजे त्याने निदान ऐकलेलं असेल. मग बसेन. मिग्दालिया काय करते ते तिचं तिने ठरवावं.

मला भीती वाटते आहे. पण राग भीतीपेक्षा मोठा आहे आणि आता तो कुणाचा आहे ते मला नीट माहीत आहे.

परवा. गुरुवार, सहा फेब्रुवारी, सकाळी आठला.